धाकटीला आत येऊ द्यायचं नाही

माझ्या तोंडावर देवीचे वण आहेत. कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट टेकवायला सपाट जागा नाही. खालापुरात मला बघायला पहिली माणसं आली ती पाणी पिऊन उठली, दुसरी आली ती पाण्यालाही थांबली नाहीत. शेवटी कडावचा एक बिजवर मिळाला. घरात म्हातारी आई, धाकटा भाऊ आणि थोडी भातखाचरं. त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि माझ्या चुलत्याला विचारलं, "कामाला बरी हाय ना? मंग झालं." एवढ्या बोलण्यावर माझं लग्न लागलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, माणूस वाईट नव्हता, पण त्या वाक्याचा राग मला अजून येतो.

लिहायला मी फार उशिरा शिकले. पुढे नवऱ्याच्या स्टेशनातल्या नोकरीमुळे आम्ही भिसेगावात बिऱ्हाड केलं, तिथे शेजारच्या मास्तरांच्या बायकोने मला अक्षरं गिरवायला लावली. तेव्हापासून मनात होतं की कडावची ती गोष्ट एकदा लिहून ठेवायची. गावात ती जशी सांगतात तशी ती घडलेली नाही. गावात सांगतात की मी धाकट्या जावेला घराबाहेर काढलं आणि तिची पोर बळकावली. सांगोत बापडे.

आधी माझ्या आईचं सांगायला हवं, नाहीतर मी अशी का वागले ते कळायचं नाही.

मी सात वर्षांची असताना मला देवी आल्या. आई तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले. आमच्याकडे अशी समजूत की पोराच्या अंगावर देवी आल्या म्हणजे ते पोर राहिलं नाही, घरात पाहुणी येऊन बसली. पोर जे मागेल ते देवीच मागते. दही मागितलं तर दही, गार पाणी मागितलं तर गार पाणी. नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. मी आईला मागितलं. डोळे चिकटलेले, अंगाची आग होत होती, दुसरं काय मागणार? आजीने आईला आणून माझ्याशेजारी बसवलं. आई दिवसरात्र माझ्याजवळ होती, कडुलिंबाच्या डहाळीने माझं अंग खाजवत होती. मी बरी झाले. ती पडली, आणि पोटातल्यासकट गेली. बाराव्याला जमलेल्या बायका माझ्यासमोरच बोलल्या, "हिनंच खाल्ली आयला." हे मी लग्न होऊन खालापूर सुटेपर्यंत ऐकलं. चिडली की चुलतीही तेच म्हणायची.

म्हणून कडावला त्या वर्षी शिमग्यानंतर देवी आल्या तेव्हा मला माझी काळजी नव्हती. माझं देणं मी फेडलेलं होतं, एकदा येऊन गेलेल्या देवी पुन्हा येत नाहीत. मला काळजी धाकटीची होती.

धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. रंगाने उजळ, गालावर खळी, आणि घरात सगळ्यांची लाडकी. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. तिला पाचेक वर्षांची एक पोर होती आणि आता दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. मला मूल नव्हतं. पण तिने माझ्या तोंडाकडे कधी वेगळ्या नजरेने पाहिलं नाही. घरात आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "जाऊबाय, आता दुकतं का वो?" हे मला तोवर कुणीच विचारलं नव्हतं. त्या एका विचारण्यावर मी तिची झाले.

थंडीत सरकारचा टोचणारा माणूस गावात येऊन गेला होता. सासूने पोरीला भाताच्या रिकाम्या कणगीत बसवून वर सूप झाकलं होतं. लोखंड टोचून देवीला आवतण कशाला द्यायचं, असं तिचं म्हणणं. गावातल्या बहुतेक घरांत तेच झालं. पोरीला तो खेळ वाटला, ती कणगीतून हसत बाहेर आली होती.

शिमग्यानंतर वरच्या आळीत दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले. मग आमच्या आळीत. एके दिवशी पोर तापली. दोन दिवस अंग नुसतं फणफणत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटी तिला मांडीवर घेऊन पेज पाजत होती. मी पोरीचे केस मागे सारले, आणि केसांच्या कडेला कातडीखाली मोहरीएवढे दाणे हाताला लागले. ते दाणे मी कधीच विसरणार नाही. मी धाकटीच्या हातातली वाटी काढून घेतली.

"ऊठ," मी म्हणाले. "भायेर जा."

"काय झालं, जाऊबाय?"

"पोरीला खाली ठेव आनि भायेर जा. पाटीमागं बगू नको."

तिने पोरीच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती पोरीला आणखी घट्ट धरायला लागली. मी तिच्या हातांतून पोर ओढून घेतली. पोर रडली, धाकटी रडली, आणि आवाजाने सासू स्वयंपाकघरातून धावत आली. तिने पोरीला पाहिलं आणि तिथल्या तिथे हात जोडले. चुलीवर कांद्याची फोडणी टाकायच्या बेतात होती, तो तवा तिने तसाच उतरवला. देवी घरात असताना फोडणी द्यायची नाही, तेल लावायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. सगळं घर त्या क्षणापासून कुजबुजायला लागलं.

मी सासूला सांगितलं की धाकटीला आजच मागच्या खळ्यावरच्या खोपीत न्यायचं.

"देवी घरात आल्या आनि घरची सून पळून जाते?" सासू कुजबुजली. "त्यांचा अपमान करतीस गं?"

तिच्याशी देवीबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिची श्रद्धा खरी होती, आणि माझीही काही कमी नव्हती. मी तिला तिच्याच वाटेने गाठलं. "आत्या, हिचे दिस भरलेत. आज-उद्या कवापन दुकायला लागंल. देवीसमोर बाळंतपनाचा इटाळ झाला तर ते चालंल का तुमाला?"

याचा विचार सासूने केला नव्हता. देवीच्या घरात बाळंतपणाचा विटाळ म्हणजे आणखी मोठा अपराध. तिने मुकाट्याने धाकटीचं अंथरूण गुंडाळायला घेतलं.

खळं घराच्या मागेच, कुंपणापलीकडे. खोप पेंढ्याची, एका बाजूने उघडी. भाताची झोडणी होऊन खळं मोकळं पडलेलं होतं. दिराला मी तिकडेच ठेवलं, घरात पाऊल टाकायची बंदी केली. सासूच्या नाकावरही लहानपणीचे वण होते, तेव्हा घरात आम्ही दोघी आणि पोर. माझा नवरा कर्जतला स्टेशनातल्या कामावरच अडकला होता, आणि ते बरंच झालं, एका माणसाची भर कमी.

त्यानंतर रोज सकाळी मी मागच्या दारात उभी राहायची आणि धाकटी कुंपणाशी यायची. "अंग गरम हाय का?" मी विचारायची. "नाय." "डोकं? कंबर?" "नाय वो, जाऊबाय." एवढ्यावर माझं समाधान व्हायचं नाही. तिच्या चेहऱ्याकडे मी लांबून बारकाईने बघायची. तिनेही दोन दिवस ती तापलेली पोर मांडीवर घेतली होती. तिच्या अंगात देवी आधीच शिरल्या असतील तर माझ्या साऱ्या धावपळीचा काय उपयोग? त्या चेहऱ्यावर घामाचा थेंब दिसला तरी मी पुन्हा पहिल्यापासून विचारायची. ती वैतागायची, "उन्हाचा घाम हाय वो," म्हणायची.

पोरीचे दाणे फोड झाले. तोंडावर, हातांवर, तळव्यांवर सुद्धा. मग पापण्या सुजल्या आणि डोळे मिटून गेले. डोळे मिटले त्या दुपारी तिने आईला मागायला सुरुवात केली.

आधी हळू. मग मोठ्याने. "आये! आये गं! आये कुटं गेलीस?" देवीच्या घरात सगळे कुजबुजतात, त्या शांततेत तो आवाज आळीभर जायचा. शेजारच्या घरातल्या बाया दाराशी येऊन कान देऊन उभ्या राहिल्या. सासू पोरीसमोर हात जोडून बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "देवी मागतायत. तिला आन."

"नाय."

"नाय? देवीला नाय म्हनतीस?"

तेवढ्यात मागच्या दाराशी पावलं वाजली. धाकटी कुंपण ओलांडून आली होती. त्या अवघडलेल्या पोटाने ती काटेरी कुंपणातून कशी आली देव जाणे. लुगडं फाटलेलं, पोटरीवर ओरखडे. मी धावत जाऊन दारात आडवी झाले, दोन्ही हात चौकटीला लावले.

"सरा, जाऊबाय."

"नाय."

"माजी पोर मरते हाय, सरा!"

"तिचं काय व्हायचं ते देवी बगतील. तू आत आलीस तर तू मरशील आनि तुज्या पोटातलं मरंल. मंग त्या पोरीला जल्मभर काय आयकाया लागंल, म्हायत हाय तुला? मला म्हायत हाय. मी आयकलंय!"

मी ओरडत होते. देवीच्या घरात ओरडत होते. सासू आतून हात जोडून मला गप्प राहायला सांगत होती, शेजारणी कुंपणापाशी जमल्या होत्या, आणि आत पोर आये आये करत होती. धाकटीने माझा दंड धरून ओढला. ती माझ्याहून तरुण होती आणि तिच्यात आईचं बळ आलं होतं. मी तिला ढकलू शकत नव्हते, पोटाला लागलं असतं. मी फक्त उभी राहिले. त्या वेळी तिने मला जे बोलून घेतलं ते मी लिहिणार नाही. वांझ या शब्दापासून सुरुवात होती.

माझ्या डोळ्यांसमोर माझी आई होती, डहाळी हातात घेतलेली. आणि त्यातूनच मला सुचलं. मी अशीच पडलेली असताना, डोळे मिटलेले असताना, आईला कशावरून ओळखत होते? हातातल्या गोटांच्या आवाजावरून. लुगड्याच्या वासावरून. चेहरा तर दिसतच नव्हता.

"तुजं गोट दे," मी म्हणाले.

"काय?"

"हातातलं गोट काढून दे. मी आय व्हते तिची."

सासूने ते ऐकलं. "देवीला फसवतीस?" ती म्हणाली.

मी माझं तोंड तिच्यासमोर नेलं. "आत्या, माज्या तोंडावर कोनाचा शिक्का हाय, सांगा. मी त्यांचीच हाय. त्यांना नको आसंल तर त्या मला सांगतील, तुमाला नाय."

शेजारणींपैकी एक म्हातारी म्हणाली, "खरं बोलते ती." मग सासू मागे सरली.

धाकटीचे हात शेवटच्या महिन्यात सुजलेले होते. चांदीचे गोट निघेनात. ती दारातच खाली बसली आणि ओढायला लागली, थुंकी लावून, राख लावून. एक निघाला. दुसऱ्याने मनगटाची कातडी सोलली, पण तिने आवाज केला नाही. दोन्ही गोट तिने उंबऱ्यावर ठेवले. मी ते उचलले, अजून गरम होते. मग वलणीवर तिचं रोजचं लुगडं होतं ते नेसले आणि पोरीजवळ जाऊन बसले. धाकटी उंबऱ्याबाहेर, भिंतीला कान लावून.

मी गोट वाजवले. पोरीचं रडणं थांबलं.

"आये?"

"हां गं," मी कुजबुजले. देवीच्या घरात सगळ्यांना कुजबुजायचं असतं, आणि कुजबुजताना माझा घोगरा आवाज आणि धाकटीचा बारीक आवाज सारखाच. एवढं एक त्या रिवाजाने माझं भलं केलं.

पोरीने हात वर केला आणि माझ्या तोंडावर ठेवला. मी हललेसुद्धा नाही. तिची बोटं, फोडांनी भरलेली, माझ्या गालावरून फिरली, कपाळावर गेली, खड्ड्यांतून खाली आली. मला वाटलं, झालं. आता ही किंचाळणार, बाहेरची आत येणार. पोर क्षणभर थांबली. मग तिने माझ्या हातातला गोट मुठीत धरला आणि म्हणाली, "आये, हितंच बस." तापात असल्यामुळे तिला कळलं नाही, असं मी समजले.

तेव्हापासून मी जागेवरून हलले नाही. सासू दहीभात कालवून द्यायची, मी पोरीला भरवायची, डहाळीने वारा घालायची, खाजवायची. पोर झोपली की मी तशीच हळू आवाजात काहीबाही बोलत राहायची, गप्प बसलं की भीती वाटायची. पेंढ्यातल्या उंदरांचं, नदीवरल्या म्हशींचं, कर्जतच्या इंजिनांचं. सगळं संपलं की माझ्या आईचं. ते मी कुणाजवळ कधी बोलले नव्हते. झोपलेल्या पोरीजवळ बोलायला काय हरकत होती?

धाकटीकडे मला आता जाता येत नव्हतं. अंगावर त्या खोलीतलं लुगडं. दारात उभं राहून ताप विचारणंही बंद झालं, सासू कुंपणाशी जाऊन लांबूनच विचारून यायची. आणि अशातच एके दिवशी सकाळी खळ्यावरून कण्हण्याचा आवाज आला. दुखायला लागलं होतं.

मी धाकटीला वचन दिलं होतं की बाळंतपणात तिच्या डोक्याशी मी असेन. पहिल्या खेपेलाही मीच होते. दीर सुईणीला आणायला भिसेगावाकडे धावला. सुईण म्हणाली की कडुलिंबाच्या दारावरून मी येणार नाही, माझ्या हाताखाली आणखी अवघडलेल्या बाया आहेत, त्यांच्या दारात हे घेऊन जायचं नाही. बरोबरच बोलत होती. शेवटी ती शेतातून, बांधाबांधाने, गावात न शिरता खळ्यावर यायला तयार झाली. पण तोवर तिकडे धाकटी आणि एक शेजारीण, आणि इकडे मी.

त्याच दिवशी पोर सगळ्यात वाईट होती. फोड पिकले होते, घशात होते, पाणी उतरत नव्हतं. श्वास घरघरत होता. धाकटीची हाक कुडातून आली, "जाऊबाय! वो जाऊबाय!" मी उठायला गेले तर पोरीची मूठ गोटावर आवळली. तिने काहीच म्हटलं नाही, फक्त धरून ठेवलं. तिकडून पुन्हा हाक आली, मग हाका नव्हत्या, नुसतं ओरडणं. मी कानांत बोटं घालू शकत नव्हते, एक हात पोरीकडे होता. मी रडत होते आणि रडण्याचा आवाज होऊ देत नव्हते. कुठलीही हाक ऐकून जागेवर बसून राहणं किती कठीण असतं हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या आईला ते जमलं नाही, याबद्दल तिच्यावरचा माझा राग त्या दिवशी गेला. तिच्यावर मला राग होता हेही मला तेव्हाच समजलं.

दुपारी सासू मागच्या दारातून आली. "पोरगा," ती म्हणाली. "दोगं बी धडधाकट हायत." मग ती पोरीसमोर लोटांगण घालून रडली. मला विचारायचं होतं ते मी विचारलं, "अंग गरम हाय का तिचं?" सुईणीने पाहिलं होतं. गरम नव्हतं. बाळाचंही अंग स्वच्छ होतं.

पोरीचा ताप हळूहळू उतरला. खपल्या धरल्या, काळ्या पडल्या, गळायला लागल्या. पापण्या सुटल्या तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे शाबूत होते, त्यासाठी मी देवीला नवस बोलले होते. पोर माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "काकी हाय मी." तिने मान हलवली, एवढंच.

त्या दिवसांत सासूने कुंपणाशी जाऊन धाकटीला सांगितलं की पोर आता आईसाठी रडत नाही, मोठ्या सुनेलाच आई म्हणते. तिने ते आनंदाने सांगितलं. धाकटीला ते कसं लागेल याचा तिला अंदाज नव्हता. दुसऱ्या दिवसापासून धाकटी माझ्याशी बोलेना. कुंपणाशी यायची, पोरीचं विचारायची, ते सासूला. माझ्याकडे बघायची नाही. एकदा मला ऐकू जाईल असं शेजारणीला म्हणाली, "माजी पोर गेली ती गेलीच. जगली, पन माजी नाय राह्यली." मला इतका संताप आला की गोट तिच्या अंगावर फेकून द्यावेसे वाटले. मी का म्हणून हे सगळं केलं होतं? पण ते गोट अजून पोरीच्या उशाशी होते, तिने मला काढू दिले नव्हते.

देवीचं न्हाणं झालं. कडुलिंबाच्या पाण्याने पोरीला न्हाऊ घातलं, दहीभाताचा नैवेद्य वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन ठेवला, देवीची पाठवणी झाली. पोरीची वापरलेली चिंध्यापांघरुणं मी स्वतः जाळली. तरी मी आणखी थांबले. सासू म्हणाली आता कशाला, मी म्हणाले, शेवटची खपली गळू दे. ती गळली, मग मी पोरीला पुन्हा न्हाऊ घातलं, स्वतः न्हाले, धुवट कपडे घातले आणि तिला हाताला धरून खळ्यावर घेऊन गेले.

धाकटी खोपीत बाळाला घेऊन बसली होती. तिने पोरीकडे पाहिलं. त्या गोऱ्या गुटगुटीत पोरीचं तोंड आता माझ्यासारखं होतं. मला वाटलं ती तोंड फिरवेल. तिने हात पुढे केला, पण पोर माझ्या मागे दडली. माझं लुगडं घट्ट धरून.

धाकटीचे डोळे भरले. "मला ईसरलीस व्हय गं?"

"नाय," पोर मागूनच म्हणाली.

"मंग काकीला आये म्हनायचीस ती?"

"ती काकीच व्हती. मला म्हायत व्हतं." पोरीने बोटं हवेत टोचून दाखवली. "तिचं तोंड असं असं हाय. तुजं नाय."

मी खाली वाकून तिच्याकडे पाहिलं. पहिल्या दिवसापासून तिला ठाऊक होतं. तिने चाचपलं होतं, तिला कळलं होतं, आणि तरी ती मला हितंच बस म्हणाली होती.

"मंग मला का नाय हाक मारलीस?" धाकटीने विचारलं. "मी हितंच तर व्हते, कुडापलीकडं."

पोरीला वाटलं असावं की तिला रागावणार आहेत. मग ती माझ्याआडून बाहेर आली आणि आईला समजावून सांगितल्यासारखी म्हणाली, "हाक मारली का आय येते. आली का मरते. काकीची मेली ना."

धाकटीने बाळ खाली ठेवलं आणि पोरीला कुशीत ओढलं. पोर आता रडायला लागली, इतके दिवस साठवलेलं सगळं, आये आये करत, मोठ्याने, कुणालाही न घाबरता. धाकटीने एक हात माझ्याकडे लांबवला. मनगटावरची सोललेली जागा अजून लाल होती. मला तो धरता आला नाही. गोट तिच्या पदरात टाकून मी खोपीमागे पेंढ्याच्या उडवीआड गेले आणि तिथे बसले.

त्या पोरीला आयुष्यात कुणी म्हणालं नाही की हिने आईला खाल्लं. तिचं लग्नही झालं, आणि माझ्यापेक्षा पुष्कळ चांगल्या माणसाशी झालं. पण त्या दिवशी पेंढ्याला टेकून मी रडत होते ती तिच्यासाठी नाही. सात वर्षांच्या मला कुणीही येऊन सांगितलं नव्हतं की हाक मारू नको. सांगितलं असतं, तर मीसुद्धा गप्प पडून राहिले असते.